व्हिडिओ बघताना जीपीयू जागा का राहतो? हार्डवेअर ओव्हरले प्लेन्स आणि बॅटरी

रातवा

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपवर व्हिडिओ बघताना बॅटरी वाचवायची म्हटलं की सगळीकडून एकच सल्ला येतो : हार्डवेअर डिकोडिंग चालू करा, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ सीपीयूऐवजी चिपमधल्या वेगळ्या यंत्रणेकडून उलगडून घ्या. माझ्याकडे ते चालू आहे. जीपीयू (ग्राफिक्सची चिप) काय करतोय ते दाखवणारं इंटेल-जीपीयू-टॉप लावलं की व्हिडिओ इंजिन काम करताना स्पष्ट दिसतं आणि सीपीयू निवांत असतो. पण त्याच पडद्यावर रेंडर इंजिनही सतत थोडं थोडं चालू दिसतं. चित्र उलगडायला चिपमध्ये वेगळी यंत्रणा आहे, मग थ्रीडी खेळांसाठी असलेलं इंजिन एका साध्या सिनेमासाठी कशाला राबतंय?

तीच फाइल एमपीव्ही या प्लेअरमध्ये वेलँडच्या (लिनक्सची खिडक्या दाखवण्याची पद्धत) डीएमए-बफ आउटपुटने, म्हणजे फ्रेम कॉपी न करता पुढे देऊन, पूर्ण पडदाभर लावली की रेंडर इंजिन शून्यावर येतं. ब्राउझरच्या खिडकीत लावली की पुन्हा चालू. शोधत गेलो तेव्हा डिस्प्ले कंट्रोलर, म्हणजे पडद्याला पिक्सेल पाठवणारा चिपचा भाग, त्यातल्या ओव्हरले प्लेन्सचा, म्हणजे एकावर एक ठेवता येणाऱ्या चित्रथरांचा, पत्ता लागला. माझं मत असं झालंय की डिकोडिंगबद्दल आपण भरपूर बोलतो, पण डिकोड झालेली फ्रेम काचेपर्यंत कशी पोचते याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि वीज तिथेही बरीच जाते.

विचारायचं ते असं : या प्लेन्समुळे नक्की काय वाचतं? आणि इतकी चांगली सोय असेल तर ती रोजच्या वापरात इतकी क्वचित का लागू होते?

मुक्ताफळ

वाचनखूण साठवली आहे. जाणकार येईपर्यंत चहा टाकते.

स्कॅनलाइन

माझं पोट याच कामावर चालतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी नेहमीचा रस्ता बघू. डिकोडर फ्रेम तयार करतो ती बहुतेक वेळा एनव्ही१२ मांडणीत असते. उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला एक बाइट आणि रंगाची माहिती चार पिक्सेलांत मिळून दोन बाइट, म्हणजे सरासरी पिक्सेलमागे दीड बाइट. १९२० × १०८० ची एक फ्रेम सुमारे ३.१ एमबी. ही फ्रेम मेमरीत पडून असते. मग कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र करून डेस्कटॉपचं चित्र बनवणारा प्रोग्रॅम, जीपीयूला उठवतो. जीपीयू ती फ्रेम वाचतो, तिचं आरजीबी (लाल-हिरवा-निळा) करतो, हव्या त्या आकारात ताणतो आणि संपूर्ण पडद्याच्या बफरमध्ये (मेमरीतल्या राखीव जागेत) लिहितो. तिथे पिक्सेलमागे चार बाइट, म्हणजे ८.३ एमबी. त्यानंतर डिस्प्ले कंट्रोलर हा मोठा बफर सेकंदाला ६० वेळा मेमरीतून वाचून पॅनेलला पाठवतो.

प्लेन वापरला तर मधला टप्पाच राहत नाही. डिस्प्ले कंट्रोलरला एकाहून जास्त बफर थेट वाचता येतात. एक मुख्य प्लेन, एक कर्सरचा, आणि उरलेले ओव्हरले. एनव्ही१२ बफर प्लेनला लावून दिला की रंगांतर, मोठं-लहान करणं आणि इतर थरांशी मिसळणं हे सगळं पॅनेलकडे पिक्सेल जाता जाताच होतं. मिसळलेलं चित्र मेमरीत कुठेच लिहिलं जात नाही.

आता हिशोब. २४ फ्रेमचा सिनेमा, पूर्ण पडदा, ६० हर्ट्झ :

जीपीयूच्या रस्त्याने : फ्रेम वाचायला सेकंदाला ७५ एमबी, मिसळून लिहायला १९९, कंट्रोलरने वाचायला ४९८. एकूण सुमारे ७७२ एमबी.

प्लेनच्या रस्त्याने : फक्त कंट्रोलरचं वाचन, १८७ एमबी.

डिकोडरचं स्वतःचं काम दोन्हीकडे सारखंच, म्हणून ते धरलेलं नाही. फ्रेमबफर दाबून साठवण्याची सोय बहुतेक चिपांत असते, त्यामुळे पहिला आकडा प्रत्यक्षात कमी भरेल, पण दिशा हीच.

मुक्ताफळ

@स्कॅनलाइन, फार छान समजावलंत. पण मला एक घरगुती उदाहरण द्या ना, मी संगणकातली नाही.

अनुस्वार

@मुक्ताफळ, मी प्रयत्न करतो. पंगत डोळ्यासमोर आणा. एक पद्धत अशी की भात, वरण, भाजी, लोणचं सगळं आत स्वयंपाकघरात ताटात वाढायचं आणि भरलेलं ताट बाहेर आणायचं. वरणाचा एक थेंब बदलला की ताट पुन्हा आत, पुन्हा नवं भरून बाहेर. दुसरी पद्धत म्हणजे भाताचा वाढपी वेगळा, भाजीचा वेगळा, आणि सगळे थेट पानात वाढतात. ओव्हरले प्लेन म्हणजे ते वाढपी. वाढपी मोजकेच असतात एवढं लक्षात ठेवा, पुढचे सगळे घोळ त्यातून होतात.

मुक्ताफळ

कळलं! आता पुढचं वाचते.

वॅटमीटर

धागा चांगला आहे, पण थोडा विरोध नोंदवतो.

एक : लॅपटॉपवर व्हिडिओ बघताना सगळ्यात जास्त खाणारा घटक पॅनेलचा दिवा असतो. ब्राइटनेस दोन पायऱ्या कमी केला तर जो फरक पडतो, त्यापुढे ही मेमरीची बचत किती टिकेल?

दोन : @स्कॅनलाइन यांचं उदाहरण पूर्ण पडद्याचं आहे, म्हणजे प्लेनला सर्वांत सोयीचं. खिडकीत व्हिडिओ असेल तर खालचा डेस्कटॉपचा थरही दर वेळी वाचावा लागेल. म्हणजे ४९८ अधिक १८७, एकूण ६८५. जीपीयूवाल्या ७७२ समोर ही बचत किरकोळ आहे. आणि खिडकी अर्ध्या पडद्याची असेल तर जीपीयूही फक्त बदललेला भाग लिहितो, म्हणजे तिकडचा आकडा आणखी खाली येतो. अशा वेळी दोन थर वाचणारा प्लेनच महाग पडू शकतो.

स्कॅनलाइन

@वॅटमीटर, दुसरा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि तो फार कमी लोक मांडतात. प्लेन दर रिफ्रेशला वाचतो, जीपीयू फक्त बदल झाल्यावर लिहितो. पडद्यावर काहीच हलत नसेल तर चार थर सेकंदाला ६० वेळा वाचत बसण्यापेक्षा एकदाच जीपीयूने मिसळून एक थर वाचणं स्वस्त. अँड्रॉइडच्या दस्तऐवजांत हे स्पष्ट लिहिलंय, आणि पडदा काही काळ स्थिर राहिला की थर एकत्र करून टाकण्याची युक्ती तिथे सुचवलेली आहे.

पण फक्त बाइट मोजून चित्र पूर्ण होत नाही. जीपीयू सेकंदाला २४ वेळा उठतो, त्याला व्होल्टेज द्यावं लागतं, घड्याळ चालू करावं लागतं, काम मात्र एक-दोन मिलिसेकंदांचं, आणि मग पुन्हा झोपायचं. तो झोपलेला राहिला तर इंटेलच्या भाषेत आरसी६ अवस्थेत राहतो आणि त्याच्या आधारावर संपूर्ण पॅकेज (प्रोसेसरची अख्खी चिप) खोल झोपेत जाऊ शकतं. डिस्प्ले कंट्रोलरकडे स्वतःचा छोटा साठा असतो. तो एका दमात मेमरीतून पिक्सेल भरून घेतो आणि तो साठा संपेपर्यंत मेमरीलाही डुलकी घेऊ देतो. वारंवार उठणारा जीपीयू या डुलक्या मोडतो. म्हणून खिडकीतल्या व्हिडिओत बाइटची बचत नगण्य असली तरी झोपेची बचत उरते.

दिव्याबद्दल दुमत नाही. पण दिवा मंद केला की उरलेल्या खर्चात चिपचा वाटा वाढतो, म्हणजे ब्राइटनेस कमी ठेवणाऱ्याला प्लेनचा फायदा जास्त जाणवतो.

वॅटमीटर

झोपेचा मुद्दा मान्य. प्रोसेसरच्या झोपेचे आकडे दाखवणाऱ्या टर्बोस्टॅटमध्ये पॅकेजच्या खोल अवस्थांची टक्केवारी बघून ते पडताळता येईल. @रातवा, जमलं तर दोन्ही पद्धतींत बघून इथे लिहा.

लॅमिंग्टन_रोड

ओव्हरले म्हटल्यावर आमच्या पिढीला एकच गोष्ट आठवते. विंडोज एक्सपीवर सिनेमा चालू असताना प्रिंट स्क्रीन दाबायचं, पेंटमध्ये पेस्ट करायचं, आणि पेस्ट केलेल्या चित्रात सिनेमा चालू! फाइल साठवून मित्राला पाठवली की त्याच्याकडे नुसता एकरंगी चौकोन. आम्ही हॉस्टेलवर नव्या मुलांना हा चमत्कार दाखवायचो.

त्या काळी कलर की नावाची पद्धत होती. प्लेअर आपल्या खिडकीत एक ठरावीक रंग भरायचा, आणि ग्राफिक्स कार्ड जिथे तो रंग दिसेल तिथे ओव्हरलेतला व्हिडिओ दाखवायचं. पेंटमध्ये तोच रंग त्याच जागी आला की तिथूनही व्हिडिओ डोकवायचा. लिनक्सवर एक्सव्ही या व्हिडिओ दाखवण्याच्या पद्धतीतही हेच, खिडकी सरकवताना निळा पट्टा चमकून जायचा.

आणि टीव्ही ट्यूनर कार्डं! लॅमिंग्टन रोडवरून बीटी८७८ चिपचं कार्ड आणून केबल जोडली होती. ते कार्ड ओव्हरले मोडमध्ये असलं की चित्र पीसीआय बसवरून थेट ग्राफिक्सच्या मेमरीत लिहायचं, सीपीयूला पत्ताही लागत नसे. म्हणून पेंटियमच्या डबड्यावरही क्रिकेटची मॅच अडखळत नसे. तेव्हा कारण वीज वाचवणं नव्हतं, सीपीयूला तेवढं झेपतच नव्हतं.

अनुस्वार

पेंटमधला सिनेमा!!! किती वर्षांनी आठवलं हे. हहपुवा.

गोडाचाशिरा

मग आता ओटीटीवर स्क्रीनशॉट काढला की काळा येतो तोही हाच प्रकार का?

स्कॅनलाइन

@गोडाचाशिरा, नात्यातला आहे पण कारण वेगळं. एक्सपीच्या काळात स्क्रीनशॉट फक्त मुख्य थराचा निघायचा, व्हिडिओ त्यात नसायचाच. आज संरक्षित आशय मुद्दाम सुरक्षित मेमरीत डिकोड होतो. वाइडवाइन एल१, म्हणजे गूगलच्या कॉपी-संरक्षणाची सर्वांत कडक पातळी, घ्या : उलगडलेल्या फ्रेम अशा जागी असतात जिथे साध्या प्रोग्रॅमला शिरता येत नाही. डिस्प्ले कंट्रोलरला मात्र ती जागा वाचायची परवानगी असते. म्हणजे फोनवर संरक्षित सिनेमा बघता तेव्हा तो सहसा प्लेनवरूनच येतो. वीज वाचते हा त्यातला जोडफायदा.

थर_निथळ

मी अँड्रॉइडवर व्हिडिओ ॲप लिहिते, तर फोनच्या बाजूने थोडं.

अँड्रॉइडमध्ये हे काम हार्डवेअर कंपोझर करतो. तो ३.० पासून आहे. सरफेसफ्लिंगर, म्हणजे अँड्रॉइडचा कंपोझिटर, दर फ्रेमला सगळ्या थरांची यादी त्याच्यापुढे ठेवतो आणि तो सांगतो, हे थर मी घेतो, हे तू जीपीयूकडून मिसळून दे. ॲप लिहिणाऱ्याच्या हातात एक मोठा निर्णय असतो, सरफेसव्ह्यू की टेक्स्चरव्ह्यू. सरफेसव्ह्यूमधला व्हिडिओ स्वतंत्र थर असतो, त्यामुळे तो प्लेनवर जाऊ शकतो. टेक्स्चरव्ह्यूमधला व्हिडिओ ॲपच्या बाकी चित्रात जीपीयूने रंगवला जातो. प्लेनचा प्रश्नच उरत नाही, आणि संरक्षित आशयही तिथे नीट चालत नाही.

मग लोक टेक्स्चरव्ह्यू वापरतात कशाला? कारण तो बाकीच्या व्ह्यूसारखा वागतो. फिरवा, पारदर्शक करा, सूचीत सरकवा. ७.० च्या आधी सरफेसव्ह्यू सरकवला की व्हिडिओ आणि त्याभोवतीची चौकट एकमेकांपासून सुटायची, काठाला काळी फट दिसायची. ७.० पासून जागा बदलणं बाकी चित्राबरोबरच होतं, ती अडचण गेली. पण त्या काळात लिहिलेला कोड अनेक ॲपांत अजून तसाच आहे, आणि 'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा' असं म्हणणारे वरिष्ठ सगळीकडे असतात.

स्वतः बघायचं असेल तर फोन केबलने जोडा आणि एडीबीवरून (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याचं साधन) डंपसिस सरफेसफ्लिंगर चालवा. प्रत्येक थरापुढे डिव्हाइस किंवा क्लायंट लिहिलेलं असतं. डिव्हाइस म्हणजे प्लेन, क्लायंट म्हणजे जीपीयू. आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डिसेबल एचडब्ल्यू ओव्हरलेज' नावाचं बटण आहे. 'हे दाबा, गेम वेगात चालेल' असे व्हिडिओ फिरत असतात. ते दाबल्यावर फोन प्रत्येक फ्रेम जीपीयूने मिसळतो. ज्यांनी दाबून ठेवलंय त्यांनी कृपया परत बंद करा.

गोडाचाशिरा

माझ्या भावाने माझ्या फोनवर दाबून ठेवलं होतं! आत्ता बंद केलं.

मुक्ताफळ

अवांतर : आमच्या आई रात्री फोनवर कीर्तन लावून झोपतात. पडदा सकाळपर्यंत चालू. त्यांच्यासाठी यातलं काही उपयोगी आहे का?

थर_निथळ

@मुक्ताफळ ताई, त्यांना फक्त ऐकायचंच असेल तर पडदा बंद ठेवून चालणारं ॲप लावून द्या. पडदा बंद झाला की दिवा, डिस्प्ले कंट्रोलर आणि चित्राचं डिकोडिंग सगळंच थांबतं. कुठलाही प्लेन एवढं वाचवू शकत नाही.

वॅटमीटर

+१. आणि स्लीप टायमरही लावून द्या, आईंचीही झोप होईल.

पायवाट

माझा अनुभव रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा. पायच्या चिपमध्ये हार्डवेअर व्हिडिओ स्केलर, एचव्हीएस, नावाचा भाग आहे. तो थरांची यादी घेतो आणि रेषेरेषेने मिसळत पुढे पाठवतो, पूर्ण चित्र मेमरीत कधी बनवतच नाही. जुना ओएमएक्सप्लेअर यावरच चालायचा, म्हणून पहिल्या पायवरही १०८०पी सिनेमा सुरळीत दिसायचा.

पाय ४ वर कोडी हा मीडिया प्लेअर वापरतो. त्याच्या सेटिंगमध्ये डीआरएम प्राइमचे (इथे डीआरएम म्हणजे लिनक्सचा डिस्प्ले सांभाळणारा भाग) दोन पर्याय आहेत : थेट प्लेनवर, किंवा ईजीएल, म्हणजे जीपीयूकडून. ४के एचईव्हीसी (व्हिडिओ दाबण्याची एक पद्धत) फाइल ईजीएलने लावली की फ्रेम गळतात, थेट प्लेनवर लावली की लोण्यासारखी चालते. पायचा एचईव्हीसी डिकोडर फ्रेम साध्या ओळींत मांडत नाही, उभ्या पट्ट्यांत मांडतो. एचव्हीएसला ती मांडणी थेट वाचता येते. डिकोडर आणि डिस्प्ले एकमेकांचा विचार करून बनवले आहेत हे बघून फार समाधान वाटतं.

सबटायटल्स आणि मेनू वेगळ्या थरावर येतात, व्हिडिओच्या फ्रेमला कुणी हात लावत नाही.

खिडकीवाला

विंडोजवाल्यांची बाजू कुणीच मांडली नाही. विंडोज ८.१ पासून मल्टिप्लेन ओव्हरले आहे, लोक त्याला एमपीओ म्हणतात. आणि एमपीओ म्हटलं की शोधात पहिला निकाल येतो तो 'एमपीओ बंद कसं करायचं' हा! माझ्याकडे दोन मॉनिटर आहेत, एक १४४ हर्ट्झचा, एक ६० चा. ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की दुसरा मॉनिटर लुकलुकायचा. रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या सेटिंगांचा साठा) डीडब्ल्यूएमखाली, म्हणजे विंडोजच्या कंपोझिटरखाली, ओव्हरलेटेस्टमोड ५ केला, लुकलुक गेली. डेस्कटॉप आहे, बॅटरीचा प्रश्न नाही, मी खूश.

रातवा

@खिडकीवाला, डेस्कटॉपवर समजू शकतो. पण तोच उपाय लोक लॅपटॉपवरही डोळे मिटून लावतात आणि मग पंखा का फिरतो म्हणून विचारतात. लॅपटॉपवर आधी ड्रायव्हर अद्ययावत करून बघावा, रजिस्ट्री सगळ्यात शेवटी.

खिडकीवाला

सहमत. लॅपटॉपवर मीही करणार नाही.

स्कॅनलाइन

आता धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, इतकी चांगली सोय क्वचितच का लागू होते.

पंगतीचं उदाहरण आलंच आहे, प्लेन मोजके असतात. पण त्याहून मोठी अडचण अटींची. बफरची मांडणी प्लेनला वाचता आली पाहिजे. मोठं-लहान करण्याचं प्रमाण मर्यादेत पाहिजे. व्हिडिओचं रंगमान, बीटी.७०९ असो की बीटी.२०२०, प्लेनच्या रंगांतराला जमलं पाहिजे. एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला मोठा असलेली) फ्रेम साध्या एसडीआर पडद्यावर उतरवायची असेल तर पुष्कळ चिपांचे प्लेन हात वर करतात, ते काम जीपीयूकडेच येतं. काही चिपांत कर्सर स्वतंत्र नसतो, खालच्या प्लेनच्या मापाशी बांधलेला असतो, म्हणजे व्हिडिओ ताणला की बाणही ताणला जाणार.

आणि गोल कोपरे! आजकाल प्रत्येक व्हिडिओच्या चौकटीला गोल कोपरे हवेत. प्लेन मुळात आयत असतो. कोपरे कापायचे तर वरून कोपऱ्यांचा वेगळा थर ठेवावा लागतो, नाहीतर जीपीयूने कापावे लागतात. डिझायनरने दिलेले ते चार छोटे वळणदार तुकडे पूर्ण व्हिडिओला जीपीयूच्या रस्त्यावर ढकलू शकतात. यावर मी कार्यालयात अनेकदा भांडलो आहे आणि पुढेही भांडणार आहे. सौंदर्य हवंच, पण पडद्यावर दोन तास चालणाऱ्या गोष्टीत त्याची किंमत आधी मोजावी.

लिनक्सवर कंपोझिटर कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) आधी विचारतो : ही मांडणी जमेल का? ॲटॉमिक मोडसेटिंग, म्हणजे डिस्प्लेचे सगळे बदल एकदम लागू करण्याची सोय, ४.२ कर्नलपासून, म्हणजे २०१५ पासून, सर्वांसाठी खुलं झालं, आणि त्यात फक्त चाचणीपुरती विनंती पाठवायची सोय आहे. कर्नल हो किंवा नाही म्हणतो. नाही म्हणताना कारण मात्र सहसा सांगत नाही. मेमरीचा वेग कमी पडतोय, स्केलर (मोठं-लहान करणारे भाग) संपले, मांडणी चालत नाही, सगळ्याला एकच त्रुटी-क्रमांक. मग कंपोझिटर वेगवेगळ्या जोड्या करून बघतो, नाहीतर सरळ जीपीयूकडे वळतो. कंपोझिटर लिहिणारे बरेच जण या कटकटीपायी बरीच वर्षं फक्त पूर्ण पडद्याचा सोपा प्रकारच हाताळत राहिले.

थर_निथळ

@स्कॅनलाइन, गोल कोपऱ्यांबद्दल हजार वेळा +१. आमच्याकडे सूचीतल्या छोट्या व्हिडिओंना गोल कोपरे आणि पूर्ण पडद्यावर सरळ कोपरे, अशी तडजोड झाली. पूर्ण पडद्यावरच लोक जास्त वेळ बघतात, त्यामुळे मी ती मान्य केली.

सूक्ष्मदर्शी

एक निरीक्षण. व्हिडिओ चालू असताना माउस हलवला आणि खालची बटणं वर आली की चित्राच्या रंगात अगदी हलका फरक पडतो, काळा रंग किंचित राखाडी होतो. बटणं गेली की परत पहिल्यासारखं. मला वाटायचं पॅनेलमध्ये दोष आहे. आता वाटतंय, तेव्हा रस्ता बदलत असणार?

स्कॅनलाइन

@सूक्ष्मदर्शी, फार बारीक नजर आहे तुमची. जवळजवळ नक्की तेच. बटणं अर्धपारदर्शक असतात. ती आली की तो थर प्लेनवर बसत नाही आणि सगळं जीपीयूकडे जातं. प्लेनचं रंगांतर आणि जीपीयूच्या शेडरमधलं (जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) रंगांतर यांत सूत्र किंवा मर्यादा जरा वेगळी धरली गेली, म्हणजे एकाने मर्यादित पल्ला मानला आणि दुसऱ्याने पूर्ण, की काळा राखाडी होतो. ड्रायव्हरची चूक असते. दोन्ही अवस्थांची छायाचित्रं जोडून कळवा, अशा तक्रारी खरोखर उपयोगी पडतात.

कोरापान

नवीन सदस्य आहे. ब्राउझर या बाबतीत मागे का असतात? पान म्हणजे शेवटी एक व्हिडिओच ना, भोवती चार जाहिराती.

अनुस्वार

@कोरापान, स्वागत. ब्राउझर स्वतःच एक छोटा कंपोझिटर असतो. पानाचे थर तो आत मिसळतो आणि बाहेरच्या डेस्कटॉपला एकच भरलेली खिडकी देतो. बाहेरच्याला आत व्हिडिओ आहे हे कळतच नाही. तो वेगळा बाहेर काढून द्यायला ब्राउझरची रचना बदलावी लागते. मॅकवर फायरफॉक्स ७० मध्ये, २०१९ साली, त्यांनी खिडकी एकसंध रंगवण्याऐवजी कोअर ॲनिमेशनचे थर वापरायला सुरुवात केली आणि वीज लक्षणीय वाचली. लिनक्सच्या ॲपांसाठी जीटीके या ॲप बनवण्याच्या संचाच्या ४.१४ आवृत्तीत, २०२४ साली, ग्राफिक्सऑफलोड नावाचा घटक आला. त्यात व्हिडिओ ठेवला की तो वेलँडच्या वेगळ्या उपपृष्ठावर जातो, आणि कंपोझिटरला जमलं तर तिथून प्लेनवर.

रातवा

@वॅटमीटर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बघितलं. सिनेमा तोच, ब्राइटनेस तोच, वायफाय बंद. एमपीव्हीमध्ये पूर्ण पडद्यावर डीएमए-बफ आउटपुट असताना पॅकेज बराच काळ खोल अवस्थेत जातं. नेहमीच्या जीपीयू आउटपुटने तेच लावलं की त्या खोल अवस्थेचा वाटा स्पष्ट खाली येतो, रेंडर इंजिन दर फ्रेमला उठताना दिसतं.

डीआरएम-इन्फो चालवलं की कुठल्या प्लेनला कुठला बफर लागलाय ते कळतं. एनव्ही१२ लिहिलेलं दिसलं की समजायचं, फ्रेम थेट जातेय. सबटायटल्स लावल्यावरही प्लेन टिकून राहिला, वर फक्त एक थर वाढला. पण एका कोपऱ्यात कायम दिसणारं सीपीयूचं तापमान दाखवणारं विजेट होतं. ते चालू असताना पूर्ण पडद्यावरही व्हिडिओ जीपीयूकडे जात होता. विजेट काढलं आणि रेंडर इंजिन शांत झालं. रात्रीचा पिवळसर प्रकाश चालू ठेवल्याने मात्र काही बिघडलं नाही.

स्कॅनलाइन

@रातवा, उत्तम नोंद. पिवळसर प्रकाश बहुतेक ठिकाणी सगळे थर मिसळून झाल्यावर, शेवटच्या गॅमा तक्त्यात लावला जातो, म्हणून तो आड येत नाही. कंपोझिटर तो शेडरने लावत असेल तर येतो.

पायवाट

@रातवा, बाहेरचा मॉनिटर जोडून बघितलंत का?

रातवा

अजून नाही. घरी ४के मॉनिटर आहे. १०८०पी सिनेमा बघताना त्याचं रिझोल्यूशन उतरवून १०८०पी करावं का, असा विचार होता. तेवढी मेमरी कमी हलेल.

स्कॅनलाइन

उतरवू नका, आधी प्लेन लागतोय का ते बघा, कारण फरक सर्वांत जास्त तिथेच पडतो. ४के च्या आरजीबी बफरची एक फ्रेम ३३.२ एमबी. जीपीयूच्या रस्त्याने गेलात तर कंट्रोलर सेकंदाला सुमारे २ जीबी वाचणार, शिवाय जीपीयू २४ वेळा ३३.२ एमबी लिहिणार, ते जवळपास ८०० एमबी. सगळं मिळून २.८ जीबीच्या पुढे. प्लेन लागला तर कंट्रोलर तीच ३.१ एमबीची छोटी फ्रेम वाचतो, मोठी करतो आणि पाठवतो. म्हणजे सेकंदाला १८७ एमबी, लॅपटॉपच्या आतल्या पडद्यावर होते तितकीच. मॉनिटरच्या पिक्सेलांची संख्या वाढली तरी मेमरीतून वाचायचं तेवढंच राहतं.

दोन गोष्टी तपासा. प्लेनचा स्केलर एवढं ताणू शकतो का, आणि आतला पडदाही चालू असेल तर दोन्हीकडे मिळून स्केलर पुरतात का. झाकण बंद करून एकाच पडद्यावर बघितलंत तर शक्यता वाढते. डीआरएम-इन्फोमध्ये काय दिसतं ते इथे टाका.

रातवा

उद्या रात्री करून बघतो आणि इथेच लिहितो.